गुरुवारच्या सरावाची डॉक्टर

मंदा,

परवा तुझ्या शोकसभेत एका गृहस्थांनी तुला 'मृदुभाषी' म्हटलं. मी दुसऱ्या रांगेत होते. शेजारी तिवारी, आपला अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, मान खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मागच्या बायकांना वाटलं, बिचाऱ्याला हुंदका आवरत नाही. एकीने तर पाण्याचा पेलाही पुढे केला. तो हसत होता हे फक्त मला माहीत. तुझा आवाज त्याने इंजिन चालू असताना, काचा वर असताना, फाटकाच्या बाहेरून ऐकलेला. गृहस्थ आपले बोलतच होते. शांत, सोशिक, उभ्या जन्मात कुणाला उलट बोलल्या नाहीत. चुकून दुसऱ्याच कुठल्या बाईच्या शोकसभेला येऊन बसलो की काय, असं मला वाटायला लागलं.

मृदुभाषी! घिवलीच्या तांडेलाची मुलगी तू. बाप मचव्यावरून हाक मारी आणि तुम्ही भावंडं किनाऱ्यावरून वाऱ्याच्या तोंडावर उत्तर द्यायची. पुढे मुंबईला जाऊन डॉक्टर झालीस, पुस्तकातलं मराठी बोलायला शिकलीस, केळव्याच्या मास्तरांशी लग्न करून त्यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत राहायला आलीस. आवाज मात्र होता तसाच राहिला. घाईगर्दीच्या वेळी भाषाही परत गावाकडे पळायची. 'कोण हाय तिथं? कानात बोळे घातलेत काय तुमी?' हे कानावर पडलं की बोईसरच्या आपल्या दुमजली दवाखान्यात सगळ्यांना कळायचं, पेशंट गंभीर आहे.

मी कराडची. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, त्याच्या मागे मी बोईसरला आले आणि तुझ्या हाताखाली नर्स झाले. घरी आईने आणि ट्रेनिंगला मेट्रनबाईंनी मला एकच धडा पक्का करून दिला होता. मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही आणि डॉक्टरांपुढे तर तोंडच उघडायचं नाही. त्यामुळे पहिलं वर्षभर माझ्या तोंडून तू 'हो डॉक्टर' याखेरीज काही ऐकलं नसशील. नंतर आपली मैत्री झाली, मी केळव्याला येऊन तुझ्या ओट्यावर सुपाऱ्या सोलायला बसू लागले, तेव्हा कुठे ड्युटीवर 'तुम्ही' आणि ओट्यावर 'तू' असा तह झाला. आज ड्युटी संपली आहे, म्हणून तू.

आपला तो सराव सुरू कशावरून झाला, आठवतं? सत्तरच्या दशकाची अखेर असेल. रंगाच्या कारखान्यातला एक कामगार हातावर अ‍ॅसिड सांडून आला. तू ओरडलीस, 'कुणीतरी पाणी आणा!' आणि आम्ही सगळे पळालो. मी मोरीकडे, वॉर्डबॉय जानू विहिरीकडे, कंपाउंडर गच्चीवरच्या टाकीकडे. तिवारी कुठून तरी गाडीच्या रेडिएटरचं पाणी घेऊन आला. बादल्यांवर बादल्या आल्या, कॅज्युअल्टीत पाणीच पाणी झालं. पेशंटजवळ मात्र कुणी नाही. तो बिचारा एका हाताने दुसरा हात धरून टेबलावर बसलेला आणि आमची वरात बघतोय. मग तू ओरडलीस, 'कुणीतरी मुंबईला फोन लावा!' आम्ही हातातल्या बादल्या तशाच धरून एकमेकांची तोंडं बघितली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा लावेल. फोन लागलाच नाही.

त्या माणसाचा हात वाचला. कातडी तेवढी गुलाबी राहिली. संध्याकाळी तू आम्हाला मागच्या पायरीवर बसवलंस. आता बोलणी खायची म्हणून मी पदर सावरून तयारच होते. तू विचारलंस, 'आपल्या हजेरीपटावर कुणीतरी नावाचा माणूस आहे का?'

जानू पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. त्याने प्रश्न मनापासून घेतला. आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाला, 'नाय बाय. असा कोण नाय.'

'मग मी रोज त्याला कामं कशाला सांगते? चूक माझी आहे. बोलायचं कसं हेच आपल्याला येत नाही. शिकू या.'

डॉक्टर स्वतःची चूक सांगते हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. मला तर तुझी काळजीच वाटली. हिला ताप-बीप तर नाही ना, असं.

असा आपला गुरुवारचा सराव सुरू झाला. गुरुवारी दुपारी बाहेरचे पेशंट नसायचे. तिवारीला पेशंट व्हायची भारी हौस. अ‍ॅम्ब्युलन्सच्या, म्हणजे आपल्या मॅटाडोरच्या, मागच्या फळीवर आडवा होऊन तो असा काही विव्हळायचा की बस. 'हाय राम, मर गया! मैडम जी, गाँव में चिट्ठी डाल देना! भैंस का खयाल रखने को बोलना!' एकदा कुंभवलीची एक म्हातारी वार न बघता सुनेला दाखवायला आली होती, ती हे ऐकून रडायलाच लागली. तिने पदराच्या गाठीतला अंगारा सोडून त्याच्या कपाळाला लावला. तिवारीने लगेच डोळे उघडून तिला नमस्कार केला, तेव्हा म्हातारीला तो अंगाऱ्याचाच गुण वाटला. तिचा समज दूर करायचा नाही, असं तू आम्हाला बजावलंस.

नियम मोजकेच होते. काम सांगायचं ते नाव घेऊन आणि डोळ्यांत बघून. ज्याला सांगितलं त्याने ते परत मोठ्याने म्हणायचं, झालं की 'झालं' म्हणायचं. काही चुकतंय असं दिसलं तर ज्याला दिसेल त्याने 'थांबा' म्हणायचं, मग समोर कुणी का असेना. आणि सगळं आटोपल्यावर पायरीवर बैठक. काय बरोबर झालं, काय चुकलं, प्रत्येकाने बोलायचं. कुणावर डाफरायचं नाही.

कागदावर सोपं आहे. आमच्या जिभेला जमता जमेना. तू म्हणायचीस, 'शालिनी, सलाईन लाव.' मी उलट म्हणायचं, 'सलाईन लावते.' अगं, आमच्याकडे मोठ्या माणसाचं वाक्य परत त्याच्याच तोंडावर म्हणणं म्हणजे त्याला वेडावून दाखवणं! लहानपणी मी काकांना एकदा असं केलं होतं, त्यांनी कान असा पिळला की अजून आठवतो. मी सलाईन लावायची, पण परत म्हणताना आवाज इतका खाली जायचा की फक्त बाटलीला ऐकू जावं. जानूची तऱ्हा निराळी. तो हसायचा. 'बाय, तुमी सांगला, मी केला. परत बोलायचा कशाला? तुमाला माझा भरोसा नाय काय?' तू त्याच्यापुढे हात टेकले नाहीस. म्हणालीस, 'जानू, मला माझाच भरोसा नाही. मी काय बोलले ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.' हे त्याला पटलं. नंतर तो इतक्या खणखणीत आवाजात परत म्हणायला लागला की रस्त्यावरच्या पानवाल्यालाही कळायचं, आज कुणाला एनिमा आहे.

खरी पंचाईत होती ती 'थांबा'ची. सरावात तू मुद्दाम एखादी चूक करायचीस. जो थांबवेल त्याला तुझ्या हातचा चहा बक्षीस. आता तुझ्या हातचा चहा हे बक्षीस होतं की शिक्षा, याबद्दल आमच्यात दोन मतं होती, पण तो मुद्दा वेगळा. कुणी थांबवायचंच नाही! तू तिवारीच्या चांगल्या पायाला फळी बांधलीस, आम्ही फळी धरून उभे. तू रिकाम्या बाटलीचं सलाईन लावलंस, मी ते आदराने टांगलं. तू वैतागून विचारलंस, 'शालिनी, बाटली रिकामी दिसत नाही का तुला?' मी म्हटलं, 'दिसते ना डॉक्टर. पण तुम्ही लावलीत म्हणजे काहीतरी असेल.' तू कपाळावर हात मारून घेतलास.

मला आता वाटतं, अशी चूक करायला आमच्यासारखीच माणसं लागतात. कामचुकार माणूस ती करणार नाही. डोळ्यांना दिसतंय आणि आदरापोटी तोंडून निघत नाही, ही चांगल्या घरच्या मुलींची चूक. तू मला ओट्यावर बसवून शंभरदा सांगितलंस, 'शालू, तुझ्या त्या आदरापायी एक दिवस माझ्या हातून माणूस मरेल.' मी म्हणायची, 'तुझ्या हातून असं व्हायचंच नाही.' तू चिडायचीस. तुला वाटायचं मी वाद टाळते. मला वाटायचं मी तुझी स्तुती करते आणि तुला तेवढंही कळत नाही.

मग तो चिकूच्या वाडीवरचा तरुण आला. झाडांवर औषध फवारत होता, दुपारच्या उन्हात अंगावर उडालेलं धुतलं नाही, तसाच बसून भाकरी खाल्ली. आणला तेव्हा तोंडातून फेस, श्वास घरघरतोय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दारात त्याची बायको उभी होती, नव्या लुगड्यातली. तिच्या शेजारी वाडीचा मालक. त्या दिवशी आपली माणसं एखाद्या तेल दिलेल्या यंत्रासारखी चालली. नावं, डोळे, परत म्हणणं, सगळं. जानू त्याचे कपडे काढून अंग धूत होता, तिवारी ऑक्सिजन धरून होता, मी इंजेक्शनं देत होते. तू सांगितलंस, 'शालिनी, अ‍ॅट्रोपीन दे.' मी म्हटलं, 'अ‍ॅट्रोपीन देते. झालं.' थोड्या वेळाने तू परत म्हणालीस, 'अजून दे.' दिलं. परत 'अजून'. मी आयुष्यात इतकं अ‍ॅट्रोपीन एका माणसाला दिलं नव्हतं. तिसऱ्यांदा तू 'अजून' म्हणालीस आणि माझा हात ट्रेवर तसाच राहिला. दारातल्या पोरीकडे नजर गेली. आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, तोही असा की मलाच माझा आवाज ओळखू येईना.

'थांबा! डॉक्टर, हे जास्त होतंय.'

सगळे थांबले. वाडीचा मालक माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मीच फवारणी केली. तूही थांबलीस. खरंच थांबलीस. वाकून त्याची छाती ऐकलीस, बाहुल्या बघितल्यास, मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस, 'शालिनी, ऐकलं मी. छातीत अजून पाणी वाजतंय. या विषाला इतकंच लागतं, छाती कोरडी होईपर्यंत. दे.'

'देते,' मी म्हटलं, आणि दिलं. माझे कान गरम झाले होते. तो तरुण वाचला. संध्याकाळी उठून बसला आणि घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागायला लागला. त्याच्या बायकोने जाताना तुझ्या नव्हे, माझ्या पायांना हात लावला, तेव्हा मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

पायरीवरच्या बैठकीत तू सगळ्यांच्या देखत माझ्या हातात चहाचा कप दिलास. 'आजचं बक्षीस शालिनीला.' मी म्हटलं, 'मी चुकले डॉक्टर.' तू म्हणालीस, 'हो, साफ चुकलीस. साखर कमी असेल तर सांग.'

हा आपला भांडणाचा विषय. पुढे कितीतरी वर्षं पुरला. चुकीच्या थांबवण्याला बक्षीस कशाला? मी म्हणायची, वेळ गेला, चारचौघांत तुझी शोभा झाली, पेशंटच्या बायकोचा जीव टांगणीला लागला. तू म्हणायचीस, 'बरोबर असेल तेव्हाच बोलायचं ठरवलंस, तर तू कधीच बोलणार नाहीस. आपण बरोबर आहोत याची तुला खात्री कधी असते का? भाजीत मीठ घालताना तरी असते का?' मी म्हणायची, माझ्या भाजीचं नाव काढू नकोस, आधी स्वतःचा चहा बघ. मग मास्तर आतून म्हणायचे, 'दोघी थांबा.' आणि आपण दोघी त्यांच्यावरच तुटून पडायचो.

मला अजून पटलेलं नाही, सांगून ठेवते. पण त्या दिवशी तू मला वाडीच्या मालकादेखत नुसतं 'गप्प बस' म्हणाली असतीस, तर मी जन्मभर गप्प बसले असते. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण मग भांडण तू जिंकली असतीस.

त्यानंतर मात्र दवाखान्यात 'थांबा'ची साथच आली. तिवारीने दवाखान्याच्या मालकांची गाडी फाटकात थांबवली, कारण ती अ‍ॅम्ब्युलन्सच्या वाटेत लागत होती. जानूने तुला चपला घालून ऑपरेशनच्या खोलीत शिरताना थांबवलं. एकदा तर तू एका पोराच्या चांगल्याच हाताला प्लास्टर घालायला निघालीस, हे मुद्दाम नव्हे, खरंच, आणि जानू ओरडला, 'थांबा बाय! ह्यो नाय, त्यो!' तू इतकी हसलीस की ते रडणारं पोरही हसायला लागलं. त्या दिवशी जानूला चहा दोन कप मिळाला. त्याने दुसरा तिवारीला दिला.

आणि मग ही गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. तुझं पोट दुखायला लागलं, वजन उतरलं, तुझा नितीन तुला मुंबईला नेऊन तपासण्या करून घेऊन आला. मी केळव्याला आले तर त्याने मला वाडीतच गाठलं. 'शालूमावशी, कॅन्सर आहे. पसरलाय. आईला कळू द्यायचं नाही. अल्सर म्हणून सांगितलंय.' तुझ्या एवढ्या मोठ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान हलवली. आपल्याकडे घरोघरी असंच करतात, प्रेमापोटीच करतात. पण डॉक्टर बाईपासून तिचाच आजार लपवायचा म्हणजे मास्तरांपासून पाढे लपवण्यातला प्रकार.

त्या घरात मी जे पाहिलं ते मला बघवेना. सगळे कुजबुजत. मास्तर ओट्यावर, नितीन माजघरात, स्मिता, तुझी सून, चुलीजवळ. तुझ्या खोलीत जाताना प्रत्येकजण चेहऱ्यावर हसू चढवून जाई आणि बाहेर येऊन डोळे पुशी. वेदनेच्या गोळ्या अल्सरच्या म्हणून द्यायच्या, त्यामुळे कधी, किती, हे तुझ्यासमोर कुणी बोलायचं नाही. एक दिवस मास्तरांनी दिली आणि स्मितानेही दिली, तू दिवसभर गुंगीत. दुसऱ्या दिवशी कुणीच नाही. मी दुपारी पोचले तेव्हा तू उशी दातांत धरून पडली होतीस. मी बाहेर येऊन विचारलं, गोळी कुणी दिली? मास्तर म्हणाले, 'दिली असेल कुणीतरी.'

कुणीतरी. तुझ्या घरात!

माझ्यासमोर मास्तर होते. अख्ख्या गावाला शिकवलेला माणूस, माझ्या थोरल्या भावाच्या वयाचा, ज्यांच्यापुढे मी कधी पाय पसरून बसले नाही. तुझं दुखणं थांबवायचं तर त्यांचं मन दुखावणारच होतं. मग मी म्हटलं, आणि हळू नाही म्हटलं, 'मास्तर, थांबा! तिला कॅन्सर आहे हे तिला सांगा. हे असं लपवून तुम्ही तिला नीट औषधही देऊ शकत नाही.'

नितीन धावत आला, 'मावशी, हळू!' बाहेरच्या वाटेवर मुंबईचे कुणी पाहुणे समुद्र कुठे म्हणून विचारायला उभे होते, तेही चपापून निघून गेले. आणि आतून तुझा आवाज आला. अंगात त्राण नव्हतं, पण आवाज तोच, मचव्यावरचा.

'शालू, ऐकलं मी! सगळ्यांना आत घेऊन ये.'

आम्ही गुन्हेगारासारखे खाटेभोवती उभे राहिलो. तू एकेकाकडे बघून म्हणालीस, 'मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय. मी डॉक्टर हाय की नाय?'

'मग बोलली का नाहीस आई?' नितीन रडतच होता.

'तुमी सगळे एवढ्या मेहनतीनं खोटं बोलत होतात. म्हटलं कशाला हिरमोड करा.' मग तू डोळे मिटून हळू म्हणालीस, 'मलाही धीर होत नव्हता रे.'

तुझ्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. सगळ्यांना बोलायला शिकवणारी तू, तुझीही जीभ घरच्यांपुढे अडली होती. मंदा, मला त्या क्षणी तुझी इतकी माया आली की सांगता येत नाही. तू आमच्यासारखीच निघालीस.

मग तू सराव घेतलास. खाटेवर पडल्या पडल्या. 'स्मिता, गोळ्या तुझ्याकडे. सकाळ-संध्याकाळ. दिली की मोठ्याने सांगायचं.' स्मिता बिचारी नवखी, म्हणाली, 'हो आई.' तू म्हणालीस, 'हो नाही. परत म्हण.' 'गोळ्या माझ्याकडे, दिली की मोठ्याने सांगते.' 'नितीन, मुंबईच्या डॉक्टरांशी फोन तुझ्याकडे. वेदना वाढली तर मला नेऊ नका, औषध वाढवून घ्या.' त्याने परत म्हटलं. म्हणताना दोनदा अडखळला, तू थांबून राहिलीस. मग मास्तरांची पाळी. आणि तू अडलीस. लग्नापासून तू त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतंस. उखाण्यापुरतं घेतलं असशील तेवढंच. पण नियम तुझाच.

'रघुनाथ,' तू म्हणालीस, 'पाणी तुमच्याकडे. आणि माझ्याजवळ बसणं.'

मास्तर कानापर्यंत लाल झाले. स्मिताला हसू आवरेना, तिने पदर तोंडात कोंबला. नितीन रडता रडता हसायला लागला. मास्तरांनी घसा साफ करून, वर्गात हजेरी देणाऱ्या पोरासारखं, परत म्हटलं, 'पाणी माझ्याकडे. आणि तुझ्याजवळ बसणं.' त्या घरात कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसणं झालं होतं.

मला शेवटी सांगितलंस. 'शालिनी, नंतरची बैठक तुझ्याकडे. काय बरोबर झालं, काय चुकलं, सांगायचं. गोड गोड नको.'

मी परत म्हटलं. या वेळी बाटलीलाच ऐकू जाईल असं नव्हे.

तर ही बैठक. शोकसभेत जमलं नाही, तिथे सगळं गोडच चाललं होतं. हे लिहून झालं की ओट्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

बरोबर झालं ते असं. तू गेलीस ती वेळ सकाळची होती, वाडीत ऊन आलं होतं. स्मिता म्हणाली, 'गोळी दिली.' रोज म्हणायची, एकदाही चुकली नाही. तुला शेवटचे दिवस उशी चावावी लागली नाही, मंदा. नितीनने मुंबईला फोन केला, औषध वाढवून घेतलं, तुला कुठे नेलं नाही. मास्तर तुझ्याजवळून हलले नाहीत. त्यांनी चमच्याने पाणी घातलं आणि म्हणाले, 'पाणी दिलं.' तू ओठ हलवलेस. तू 'बरोबर' म्हणालीस, असं ते सांगतात. मला ऐकू आलं नाही, पण मी त्यांना थांबवलं नाही.

चुकलं ते असं. तिवारीला कुणी बोलावलं नव्हतं. बातमी कळताच तो आपणहून मॅटाडोर घेऊन निघाला, जानूला सोबत घेतलं, आणि घाईत ती वाडीच्या अरुंद वाटेत शिरवून दोन पोफळींच्या मध्ये अडकवून ठेवली. ना पुढे, ना मागे. माणसं येणार कशी, तुला नेणार कशी! समुद्रावर निघालेले मुंबईचे पाहुणे तिथे गोळा झाले आणि 'अरे, कुणीतरी ढकला' म्हणायला लागले. जानू डोळे पुसत खाली उतरला. प्रत्येकाच्या समोर जाऊन त्याने नाव विचारलं. 'तुमचा नाव काय? सुरेश? सुरेश, तुमी मागचा चाक. परत बोला.' चड्डीतला तो सुरेश घाबरून म्हणाला, 'मी मागचं चाक.' गाडी निघाली. हे खरं तर बरोबरच्या यादीत घालायला हवं होतं, पण गाडी आणलीच नसती तर काढावी लागली नसती, म्हणून चुकलेल्यात घातलं आहे. वाद घालायचा असेल तर घाल.

आणि एक. तू सगळ्यांना नाव घेऊन कामं दिलीस, पण रडायचं काम कुणालाच नेमून दिलं नाहीस. त्यामुळे गोंधळ झाला. मास्तर, नितीन, स्मिता, तिवारी, जानू आणि मी, सगळे एकदम त्याच एका कामाला लागलो. दुसरं काहीच कुणाला सुचेना. हे चुकतंय हे मला दिसत होतं, मंदा. पण 'थांबा' म्हणायला कुणाचंच तोंड उघडलं नाही.